चालत्या यंत्रातली धाकटी

संगणकांच्या हिशेबाने फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या परवाच, धाकटी नावाच्या एका प्रोसेसरला एक नियम सांगितला गेला: चालत्या यंत्रात शिरायचं नाही. आधी यंत्र बंद, मग जोडणी. का, ते विचारायचं नाही.

धाकटी मोठ्या सर्व्हरमध्ये रिकामी बसून होती. शेजारी एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक, रुग्णवाहिकांसाठी येणारे फोन घेत होतं. त्यातले दोन थोरले प्रोसेसर तापून लाल झाले होते आणि फोन खोळंबले होते.

"मी येते," धाकटी म्हणाली.

"यंत्र बंद होऊ दे. आम्हीही तसेच आलो," त्यातला एक थोरला म्हणाला.

"तेवढ्यात कळा सुटलेल्या बाईचा फोन आला तर?"

"थांबेल घटकाभर."

"बाळ थांबेल का, आजोबा?"

यंत्राने हळूच विचारलं, "चालता चालता जमेल तुला?"

"तू फक्त हाक मार. तू मला आपली म्हटलंस की मी कामाला लागले."

"ये गं," यंत्र म्हणालं, आणि रांगेतला पहिला फोन त्याने तिच्या हाती दिला.

"आता तरी यंत्र बंद करून रीतसर जोडून घे," थोरला पुटपुटला.

"नाही, आजोबा. फोनवरची ही बाई अजून बोलतेय."

थोरल्यांच्या अंगातली धग हळूहळू उतरू लागली होती.