यादीत नसलेला नंबर

“मग बावीसवाला नंबर यादीत का नाही?” केणीबाबांनी विचारलं.

निनाद हसला. “त्यावर कोणी बोलतच नाही म्हणून.”

बंदरावरचं मच्छीमार सोसायटीचं ऑफिस. टेबलांवरचे जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे नवे बसवायचे होते. यादीतले नंबर नव्या कंपनीकडे जाणार होते. बाकीचे दुपारी बाराला कायमचे बंद.

यादी निनादने केली होती. टेलिफोनचा बोर्ड चालवायला तो इथल्या जुन्या ऑपरेटरकडून, केणीबाबांकडूनच, त्यांच्या खुर्चीशेजारी बसून शिकला होता. आता तो नव्या कंपनीचा माणूस होता, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसत होतं.

“सहा महिन्यांचा रेकॉर्ड काढलाय मी. रोज पावणेबाराला एक फोन येतो. दोन मिनिटं. एक शब्द नाही. आणि ज्या नंबरवरून येतो, तो कुठल्याच कंपनीचा नाही. लाईन खराब आहे, बाबा. तुम्ही आपले रोज उचलता.”

बाबांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

होडी समुद्रात गेली की तिचं नाव त्या पाटीवर लिहायचं. परत आली की खलाशाने बावीसवर फोन करून ‘आलो’ म्हणायचं. मगच नाव पुसायचं. ही इथली जुनी रीत; आता सगळे मोबाईलवरच कळवतात.

‘रत्नमाला’ हे नाव नऊ वर्षं पुसलेलं नव्हतं. तिच्यावर पाच जण होते. त्यातला एक बाबांचा धाकटा भाऊ.

“आणि आज मी नाही लिहिला हा नंबर, तर?” निनाद म्हणाला.

“तर वाजणार नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. पावणेबारा.

“उचल.”

“हॅलो... हॅलो?” निनादने रिसीव्हर बाबांपुढे धरला. “बघा. कोणी नाही.”

“या फोनवर हॅलो म्हणतात का रे? काय शिकवलं होतं मी?”

निनाद ओशाळला. रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

“होडीचं नाव सांगा.”

...

त्याचं हसू गेलं. तो खुर्चीत हळूच बसला. ऐकत राहिला. एकदा मान हलवली, समोर कोणी असावं तशी.

...

फोन पलीकडून बंद झाला. निनादने रिसीव्हर ठेवला आणि कान पुसला.

बोटं ओली होती.

तो बराच वेळ बोटांकडे पाहत बसला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण घाई केली नाही. बाराला पाच मिनिटं कमी असताना निनादने पेन काढलं. यादीच्या अगदी वर, कोपऱ्यात, वाकड्यातिकड्या अक्षरांत तो नंबर लिहिला आणि यादीचा फोटो कंपनीला पाठवून दिला.

मग खाली मान घालून विचारलं, “बाबा... जे जिवंत नाहीत, त्यांच्यासाठी नंबर ठेवायचा?”

“जिवंत माणूस नवा शोधून काढतो, पोरा.”