उपरण्याविना सौदा

एकदा एका हळदीच्या पेठेत एक वृद्ध अडत्या होता. शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा, खरेदीदार गोळा करायचे आणि दोघांमध्ये सौदा जुळवून द्यायचा, हा त्याचा व्यवसाय. सारी पेठ त्याला आप्पाशेठ म्हणे. मूलबाळ नव्हते, म्हणून रंगनाथ नावाच्या एका हुशार तरुणाला शिष्य करून त्याने हाताखाली तयार केले होते. हंगाम संपला की पेढीच्या किल्ल्या रंगनाथाच्या हाती द्यायच्या, असे ठरून गेले होते.

ज्याच्या हाती किल्ल्या यायच्या, त्याने खरे तर मजेत असावे. पण रंगनाथाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. ढिगातून हळकुंड उचलावे आणि कशासाठी उचलले तेच विसरावे, गादीवर बसावे आणि लगेच उठावे, अशी त्याची गत झाली होती.

कारण पेढीवरची माणसे बदलली होती. पूर्वी हमालापासून तोलाऱ्यापर्यंत सगळे एकाच खोऱ्यातले, एकमेकांचे सोयरे. शेठने भुवई उचलली की पोते कुठे लावायचे ते त्यांना समजे. पुढे त्यांची मुले शहरांकडे गेली आणि रिकाम्या जागी चारी दिशांची माणसे आली. तोलाईला बसप्पा आला, तो सीमेपलीकडचा. मराठी मोडकी, पण आवाज खणखणीत. गोदामात कोणी शुक्रवारी दुपारी नमाजाला जाई, कोणाची भाषा इतरांना कळतच नसे. आणि मालाची पारख करायला आली सगुणा. हळद पिकवणाऱ्या घरातली बाई. हळकुंड मोडल्याचा आवाज ऐकून ते नीट वाळले की नाही हे सांगणारी. या हंगामात सौदेही तिनेच करावेत, असे आप्पाशेठने एकदा बोलून दाखवले आणि रंगनाथाला ते अशक्यच वाटले.

कारण त्या पेठेत सौदा होई तो उपरण्याखाली. अडत्याने हातावर उपरणे पसरायचे. एकेका खरेदीदाराने त्याखाली हात घालून अडत्याची बोटे दाबायची. कोणते बोट, किती वेळा, यावरून भाव समजायचा. सर्वांचे भाव देऊन झाले की अडत्या नाव पुकारी: माल अमक्याला. कोणी किती देऊ केले, हे अडत्याच्या हातालाच ठाऊक. वाडवडिलांपासून चालत आलेली रीत होती ती, आणि तिच्यात कधी एका शब्दाची बाचाबाची झाली नव्हती.

आता परपुरुषांनी उपरण्याखाली सगुणेचा हात धरायचा कसा? खरेदीदार संकोचले, आणि सगुणेने तर स्वच्छ सांगितले की माल पारखीन, पण असा हात देणार नाही. त्यातच आणखी एक प्रकार घडला. गर्दीच्या वेळी रंगनाथाने बसप्पाला एका सौद्याला उभे केले. बसप्पाच्या मुलुखातही उपरण्याखालीच भाव ठरत, पण तिथे बोटे मोजायची ती अंगठ्यापासून आणि इथे करंगळीपासून. व्हायचे तेच झाले. माल कमी भाव देणाऱ्याच्या पदरात गेला, पेठेत आरडाओरडा झाला, आणि ताराचंद नावाच्या सर्वांत जुन्या खरेदीदाराने रंगनाथाला बाजूला घेऊन समजावले, की असेच चालले तर आम्हाला पलीकडची पेढी लांब नाही.

त्या दिवसापासून रंगनाथाला उभ्या पेठेच्या नजरा टोचू लागल्या. किल्ल्या हाती यायच्या आतच पेढी बुडाली, तर लोक आपल्याच नावाने बोटे मोडतील. अखेर तो गुरूपुढे जाऊन बसला.

"आप्पा, या माणसांना निरोप द्या. वाईट नाहीत ती, पण आपली नाहीत. पूर्वी न बोलता कामं व्हायची. आता दिवसभर समजावत बसावं लागतं, आणि तरी कुणी समाधानी नाही."

आप्पाशेठ अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ते इतकेच म्हणाले, "बाजाराच्या दिवशी सांगतो."

बाजाराचा दिवस उजाडला. हळदीच्या राशी लागल्या, खरेदीदार जमले आणि आप्पाशेठ आले. त्यांना पाहून पेठेतला गलबला हळूहळू थांबला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर उपरणे नव्हते. ज्या खांद्यावर उपरणे नाही असा अडत्या त्या पेठेने कधी पाहिला नव्हता.

ताराचंद हसून म्हणाला, "काय शेठ, उपरणं धोब्याकडे अडकलं वाटतं?"

"हो ना," आप्पाशेठ म्हणाले, "आणि धोबी म्हणतो, आता परत देत नाही. आजपासून भाव तोंडाने बोला. सगुणाबाई माल दाखवतील, त्याच सौदा करतील. चला, पहिली रास."

सगुणेने हळकुंड उचलले, कट्दिशी मोडले आणि आतला केशरी रंग सर्वांना फिरवून दाखवला. मग तिने भाव विचारला. कोणी बोलेना. खरेदीदार एकमेकांकडे पाहू लागले. जन्मभर ज्यांनी बोटांनी व्यापार केला, त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. धावत जाऊन आपलेच उपरणे म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकावे, असे रंगनाथाला वाटले. कोणीतरी मागून टोमणा मारला, "अहो, इथे हळद विकतात की गाणं म्हणतात?" दोघे-तिघे हसत निघून गेले आणि त्यांच्या मागोमाग आणखी काही. रंगनाथाला प्रत्येक पाठमोरा माणूस ओळखता येत होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक परगावचा व्यापारी चाचरत भाव बोलला. या पेठेची बोटांची रीत त्याला नीटशी येत नसे, म्हणून तो नेहमी मागेच उभा राही. ताराचंदला काही ते सोसले नाही; त्याने वरचा भाव पुकारला. मग तिसरा बोलला. सगुणा प्रत्येक भाव मोठ्याने परत म्हणे आणि पुढच्याकडे पाही. राशीमागे बसलेले शेतकरी एकेक करून उठले आणि पुढे सरकून उभे राहिले. एक म्हातारा शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "इतकी वर्षं हळद आणतोय, पण माझ्या मालाला कोण काय देऊ म्हणतो, ते आज कानांनी ऐकलं."

हे शब्द रंगनाथाने ऐकले. तरीही त्याचा जीव भांड्यात पडला नाही, कारण काही राशी न विकता तशाच राहिल्या होत्या आणि ताराचंद जाताना नमस्कार न करता गेला होता. माणसे पांगल्यावर त्याने गुरूला विचारले, "हे का केलंत, आप्पा? रीत मोडली, माणसं तुटली. दोघा-तिघा नव्या माणसांसाठी एवढं?"

आप्पाशेठने त्याला पोत्यांच्या थप्पीपाशी बसवले. म्हणाले, "आमच्या गावच्या विहिरीची एक पायरी निखळलेली होती. गावाला ते ठाऊक. पोरंसोरंसुद्धा न पाहता ती ओलांडून उतरायची. एकदा गावात नवी सून आली. पाण्याला उतरली आणि घागरीसकट खाली गेली. गाव हसलं. सुनेला वेंधळी म्हणाले. दुसऱ्या वर्षी दुसरी सून पडली, तीही वेंधळी ठरली. रंगा, पायरी बसवायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, कारण गावातलं कुणी तिथे पडतच नव्हतं."

ते पुढे म्हणाले, "न बोलता कामं व्हायची म्हणतोस, ते खरं आहे. सगळे एका घरचे होते, म्हणून व्हायची. मीही उपरण्याखाली कधी खोटं केलं नाही. पण मी खरा आहे हे त्या शेतकऱ्याला दिसावं, अशी सोयही ठेवली नाही. सगुणेनं हात द्यायचं नाकारलं, बसप्पाचं बोट चुकलं, तेव्हा मला आपली पायरी दिसली. नवी माणसं आली की आपल्याला आपल्याच घरातल्या गोष्टी बोलून सांगाव्या लागतात. त्याचा त्रास होतो, चिडचिड होते. ताराचंदला झाली, तुला झाली, मलाही झाली. आज उघड्या खांद्यानं घराबाहेर पडताना मला लाज वाटत होती. पण बोलून सांगायला गेलं की कळतं, कोणती रीत कामाची आणि कोणती नुसती अंगवळणी पडलेली."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे रोखून पाहिले.

"एक विचारू? तो सौदा चुकल्यापासून बसप्पाला चहा जात नाही. का?"

रंगनाथ वरमला. पेढीची ती जुनी रीत होती. मालक रागावला की त्या माणसाला चहा पाठवत नसत. माणूस काय ते समजे, संध्याकाळी येऊन पाया पडे आणि प्रकरण मिटे. बसप्पा मात्र इतक्या दिवसांत एकदाही आला नव्हता, आणि त्याच्या त्या निगरगट्टपणाचाच रंगनाथाला सर्वांत अधिक संताप होता. हे सगळे त्याने सांगितले.

"मग त्याला काय वाटतं, ते विचारलंस?" एवढे बोलून आप्पाशेठ उठले आणि घराकडे चालू लागले.

राग बोलून दाखवायचा म्हणजे काय करायचे, हे रंगनाथाला कोणी शिकवलेच नव्हते. मग तो उठला आणि काट्यापाशी गेला. बसप्पा वजने पुसून रचत होता.

"बसप्पा," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला ओढून काढावे लागले, "मी तुझ्यावर रागावलो होतो."

बसप्पाने वर पाहिले. "कधी, मालक?"

"त्या सौद्यापासून. तुला चहा पाठवत नव्हतो."

"मला वाटलं, दूध महाग झालं." बसप्पाने हातातले वजन खाली ठेवले. "मी त्या दिवशीच विचारणार होतो, इथे करंगळीपासून का मोजतात. पण तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही गप्प."

का मोजतात, हे रंगनाथालाही ठाऊक नव्हते. त्याने ते तसे सांगितले आणि बसप्पाशेजारी पोत्यावर बसला. निरोप द्यायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

वाचकहो, आपल्या कचेरीत किंवा दुकानात नवखा माणूस अडखळला, तर त्याला वेंधळा म्हणण्याआधी एकदा वाकून पायरीकडे पाहावे.