बिनधुराची वस्ती

फार फार पूर्वी, धुराने आभाळ काळवंडलं म्हणून एका राजाने डोंगरवस्तीतल्या सगळ्या चुली फोडायला लावल्या आणि घरोघर तेलावर चालणारी बिनधुराची शेगडी वाटली. कुठे धूर निघतो का, ते पाहायला म्हातारा कावळा नेमला.

कावळा घिरटी घालून यायचा आणि सांगायचा, "महाराज, धुराची रेघसुद्धा नाही!" दरबार टाळ्या पिटायचा.

एकदा कावळ्याला भाकरीची आठवण झाली. वस्तीतली ठकूबाई जेवायच्या आधी पहिला घास कौलावर ठेवायची. तो तिच्या कौलावर उतरला, तर कौल रिकामं. शेजारचंही रिकामं. ऐन जेवणवेळ, पण भाकरी थापल्याचा आवाज कुठूनच येईना. कुत्रीदेखील भुंकेनात. त्याने झरोक्यातून डोकावलं. ठकूबाई भिंतीला टेकून, उघड्या डोळ्यांनी शेगडीकडे बघत बसली होती.

"अगं, पेटत का नाहीस?" कावळ्याने शेगडीला विचारलं.

"पहिलं तेल राजाने दिलं. पुढचं हिला परवडलं नाही," शेगडी पुटपुटली. "फोडलेली चूल मात्र रोज जमिनीखालून विचारते, पाणी तरी तापलं का गं?"

कावळा तडक दरबारात गेला.

"काय काकोबा, धूर?" राजाने हसत विचारलं.

"धूर नाही, महाराज. कौलावर घासही नाही."

सवयीने उठलेल्या टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. त्या शांततेत सिंहासनाखालच्या फरशीतून कुणीतरी हळूच विचारलं,

"पाणी तरी तापलं का?"