अध्यक्षांच्या मापाची ग्रिप

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा लवकर सुटली, शब्द साधेच येतात. मी गोल्फ क्लबात स्टिकना रबरी ग्रिप बसवतो.

आमचे अध्यक्ष घोरपडे. पंजा सुपाएवढा, घमेंड त्याहून मोठी. त्यांनी फर्मान काढलं, "माझ्यासारखीच जाड ग्रिप सगळ्यांना! नको असेल त्याने क्लबाचा संघ सोडावा."

संघातल्या शाल्मलीताईंची बोटं लहान. जाड ग्रिप मुठीत मावेना, स्टिक हातात फिरायची. त्यांनी आपला हातमोजा काढून पुढे केला.

"साहेब, हा घालून एक फटका मारा."

साहेबांची बोटं अर्ध्यात अडकली. "अगं, हा तुझ्या मापाचा आहे!"

"असू दे, ओढा जोरात! नियम सगळ्यांना एकच ना?"

सगळे खदखदून हसले. साहेब हातमोजा फेकून तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणालाही न विचारता ताईंच्या स्टिकवरचं जाड रबर कापून काढलं आणि नवी ग्रिप बसवण्याआधी त्यांच्या हाताचं माप घेतलं.