कुंभाराची उंच शिडी

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात कौलं घडवणारा एक कुंभार राहत होता. त्याची कौलं पंचक्रोशीत नावाजलेली होती. पातळ, तांबडी, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. साहजिकच स्वतःच्या घराच्या छपराला तो फार जपे. दरवर्षी चैत्र सरता सरता तो वर चढायचा, कौलं चाळायचा, फुटकी काढून नवी बसवायचा. ज्याचं स्वतःचं छप्पर गळतं त्याच्याकडून कौलं कोण घेणार, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

एका वर्षी त्याच्या जुन्या शिडीला वाळवी लागली. पायरीवर बोट दाबलं की भुसा गळे. कुंभाराने ती मोडून चुलीत घातली आणि सुताराकडे जायला निघाला. सुताराला घरासाठी कौलं हवी होती, कुंभाराला शिडी हवी होती. कौलांच्या बदल्यात एक शिडी, असं दोघांचं आधीच ठरलं होतं.

"मीही येते," कुंभारीण म्हणाली.

"तुला शिडीतलं काय कळतं?" कुंभार म्हणाला. पण येऊ नको असं काही तो म्हणाला नाही, म्हणून ती पदर खोचून त्याच्या मागोमाग गेली.

सुताराच्या अंगणात दोन शिड्या तयार होत्या. एक भिंतीला टेकवलेली, लांबलचक, सागाच्या दांड्यांची. तिचं टोक पाहायचं तर मान मागे टाकावी लागे. दुसरी बुटकी, रुंद पायऱ्यांची, चार पायांवर आपली आपण उभी राहणारी.

कुंभारीण बुटक्या शिडीपाशी थांबली. तिच्या पायरीवरून हात फिरवला. मग उंच शिडीकडे पाहत तिने नवऱ्याला विचारलं, "ही दारातून आत येईल का हो?"

कुंभार हसला. "शिडी आत कशाला आणायची? कौलं घराच्या वर असतात, घरात नाही."

"माळा घरात असतो," कुंभारीण म्हणाली. पण ते ती हळू बोलली, आणि कुंभार तोवर सागाचे दांडे ठोकून पाहण्यात गुंग झाला होता.

त्याने उंच शिडी घेतली. खांद्यावरून ती घेऊन तो गावातून चालला तेव्हा वळणावळणावर लोकांना बाजूला सरावं लागलं. "देवळाचा कळस चढवायचाय की काय?" कोणी तरी विचारलं. कुंभाराला ते आवडलं.

त्या वर्षी छपराचं काम झटक्यात झालं. मग शिडी घराच्या मागच्या भिंतीला आडवी टांगली गेली, आणि तिचं वर्षाचं काम संपलं.

कुंभारणीचं काम मात्र रोजचं होतं. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर घरातले सगळे जिन्नस असत. डाळी, मिरच्या, चिंच, गुळाची ढेप, पापडांचे डबे. जमिनीवर ठेवलं तर उंदीर लागत. माळ्यावर हात पोचावा म्हणून कुंभारीण उखळ पालथं घाली, त्यावर पाट ठेवी आणि एका हाताने तुळई धरून वर चढे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती असंच करत होती. कुंभार त्या वेळी चाकावर किंवा भट्टीपाशी असे. ताटात आमटी आली की तो जेवे. आमटीतली डाळ कुठून खाली आली, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

भाद्रपदात शेजारच्या गावचे काही लोक कौलं ठरवायला आले. कुंभाराने त्यांना मागच्या दारी नेऊन शिडी दाखवली, छप्पर दाखवलं. पाहुणे खूश झाले. कुंभार त्याहून खूश झाला. त्याने आत डोकावून सांगितलं, "पाहुणे जेवून जाणार आहेत. पुरणपोळी कर. आणि जरा हात चालव, त्यांना उजेडात घरी पोचायचंय."

कुंभारणीने उखळ ओढलं, पाट ठेवला, वर चढली. गुळाची ढेप माळ्याच्या पार मागे होती. ती टाचा उचलून पुढे वाकली. पाट उखळावरून घसरला.

बाहेर कुंभार सागाच्या लाकडाबद्दल सांगत होता. आतून धप्प असा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. तो धावत आत गेला. कुंभारीण भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता.

"पाहुण्यांना ताक तरी द्या," ती म्हणाली.

पाहुणे उपाशीच गेले, पण जाताना त्यांनीच वाटेवरच्या गावातल्या हाडवैद्याला निरोप दिला. वैद्याने येऊन पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "दिवाळी होईपर्यंत हा पाय टेकायचा नाही."

आता स्वयंपाक कुंभाराकडे आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "डाळ कुठे आहे?"

कुंभारणीने अंथरुणावरून नुसतं वर बोट दाखवलं.

कुंभार मागे गेला आणि उंच शिडी काढून घेऊन आला. ती दारातून निम्मी आत आली आणि समोरच्या भिंतीला अडली. तिरकी केली तर वर तुळईला लागली. पलीकडच्या दाराने प्रयत्न केला तर चुलीवरचं पातेलं लवंडलं. बराच वेळ शिडीचं एक टोक स्वयंपाकघरात आणि एक टोक अंगणात, असा तो मधे उभा राहिला.

शेवटी त्याने शिडी बाहेर टाकली, उखळ ओढलं, त्यावर पाट ठेवला आणि चढला. पाट डुगडुगला. कुंभाराने दोन्ही हातांनी तुळई घट्ट धरली. छपराच्या कडेवर चालणारा माणूस तो, पण इथे त्याला खाली बघवेना. एक हात सोडल्याशिवाय डाळ मिळणार नव्हती, आणि हात सोडायचा धीर होत नव्हता. कशीबशी डाळ काढून तो उतरला तेव्हा त्याला घाम फुटला होता.

"हे तू रोज करायचीस?" त्याने विचारलं.

"एकादशीला नाही," कुंभारीण म्हणाली. "उपास असतो."

कुंभार डाळ निवडायला बसला. त्या रात्री आमटी करपली, पण दोघांनीही ती खाल्ली.

पुढे रोज तो उखळावर चढला. कधी मिरच्यांसाठी, कधी चिंचेसाठी. एकदा चिंच काढून उतरला आणि मग मीठही वरच असल्याचं त्याला कळलं. छपरावर आपण वर्षातून एकदा चढतो, त्याचं गावभर कौतुक होतं. ही रोज चढत होती, हे घरातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट त्याच्या मनात राहून राहून येऊ लागली.

दिवाळी झाली, कामट्या सुटल्या. कुंभारीण काठी टेकत चालू लागली, पण पाय थोडा आखूड झाला तो झालाच. एके सकाळी कुंभार उंच शिडी खांद्यावर घेऊन सुताराकडे गेला.

"ही परत घे," तो म्हणाला. "मला ती बुटकी दे."

"ती केव्हाच गेली," सुतार म्हणाला. "तशी दुसरी करून देतो. दोन पायऱ्यांमधे अंतर किती ठेवू?"

कुंभाराने अंतर दाखवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "विचारून सांगतो," तो म्हणाला आणि घरी परतला.

घरी त्याने बायकोला खांबापाशी उभं केलं. तिच्या पायापुढे एक कौल ठेवलं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं, अशी वीतभर उंच थप्पी रचली. "यावर पाय ठेवून बघ. दुखतं?"

"नाही."

त्याने आणखी एक कौल रचलं. "आता?"

कुंभारणीने दुखरा पाय उचलून त्यावर ठेवला आणि ओठ आवळले. "आता ओढ बसते."

कुंभाराने वरचं कौल काढून घेतलं आणि उरलेली थप्पी तशीच उचलून सुताराकडे नेली. "एवढं अंतर," तो म्हणाला. "आणि वर धरायला एक दांडा कर. तिचा हात माझ्यापेक्षा लहान आहे, दांडा बारीक ठेव."

"आणि छपराचं काय करशील?" सुताराने विचारलं.

"वर्षातून एक दिवस तुझी शिडी मागून नेईन."

शिडी झाली. ती दारातून सहज आत आली आणि माळ्याखाली चारही पायांवर उभी राहिली. कुंभारीण एकेक पायरी चढत वर गेली. पदर सावरून, दांडा धरून, पार मागची चिंचेची बरणी तिने पुढे ओढली. खाली पाहिलं तर कुंभार दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

"अहो, धरलीत कशाला? ही हलत नाही."

"हलत नाही," कुंभार म्हणाला, आणि धरूनच उभा राहिला.

तात्पर्य: घरात वस्तू आणताना ती लोकांना कशी दिसेल ते पाहू नये; रोज जिला ती वापरावी लागणार, तिला आधी विचारावं.