बुटकी तार

“कळ त्याला दिलीत? हुसेनला?”

सयाजी नलवडे दारातूनच बोलला. अजून पायांतले बूटही निघाले नव्हते.

तारमास्तर सबनीस पडवीत लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बूट काढ,” ते म्हणाले.

मास्तरांनी आजऱ्याच्या तारऑफिसात एकतीस वर्षं कड-कट्ट केलं. पुढे तारा बंद पडल्या, पण मास्तरांचं बोट काही स्वस्थ बसेना. त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि घरच्या सेटवरून ते लोकांशी बोलू लागले. तारऑफिसातली, बोटाने ठोकून तार पाठवायची जुनी पितळी कळ त्यांच्या टेबलावर होती. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला मास्तर त्या कळीवर चार टिचक्या देत आणि मग कोल्हापुरापासून दोडामार्गापर्यंतच्या हौशी मंडळींची हवेवर हजेरी घेत. कोण आहे, कोण नाही, कुणाला काय हवं-नको. पुराच्या दिवसांत फोन मुके झाले की हीच हजेरी कामाला येई.

यंदा मास्तरांचा उजवा कान गेला. मग गेल्या आठवड्यात त्यांनी ती कळ आणि ती हजेरी चंदगडच्या हुसेन मकानदाराच्या स्वाधीन केली.

सयाजीला हे आंबोलीच्या सावंताकडून फोनवर कळलं. तेव्हापासून दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. आज पहाटेच जीप काढून तो गडहिंग्लजहून निघाला, तो थेट मास्तरांच्या दारात.

बूट काढून तो पडवीत आला. येताना अंगणात बांधलेली एक तार त्याच्या कपाळाला लागली होती. पुरुषभर उंचीचीही नव्हती ती. तिच्यावर मास्तरांचा पंचा वाळत होता.

“मास्तर, ही तार आहे का कपडे वाळत घालायची दोरी?”

“दोन्ही.”

“आणि मी चढवून दिलेली?”

मास्तरांनी सुरीनेच वर दाखवलं. परसातल्या सिल्व्हर ओकच्या शेंड्यावरून दुसरी एक तार गेली होती. तीन वर्षांपूर्वी सयाजीनेच आपल्या बोअरवेलच्या गाडीवरची माणसं पाठवून ती चढवून घेतली होती. गुरुदक्षिणा म्हणून. ती जागच्या जागी आहे हे बघून त्याला जरा बरं वाटलं.

“आता बोल,” मास्तर म्हणाले.

सयाजी बोलायलाच आला होता.

“बारा वर्सं झाली मास्तर. ह्याच पडवीत, ह्याच चटईवर आम्ही दोघं शिकलो. पोरीच्या लग्नाची घाई होती तरी मी एक रविवार चुकवला न्हाई. आज माझ्या गच्चीवर सत्तर फुटी टॉवर हाय. दोनशे चौदा देशांशी बोललोय मी. त्यांनी पाठवलेली कार्डं लावायला भिंत पुरंना. आणि त्याच्याकडं काय हाय? घड्याळं दुरुस्त करता करता जोडलेला एक डबा! फणसापासून गोठ्यापर्यंत तार. म्हशीनं मान वर केली तर शिंगाला लागंल!”

“लागते कधी कधी.”

“मग?”

मास्तरांनी आणखी एक पाकळी सोलली.

सयाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. कळ काही सोन्याची नव्हती. बाजारात तसल्या दहा कळा त्याने उभ्या उभ्या विकत घेतल्या असत्या. पण ही मास्तरांच्या बोटाने झिजलेली होती, आणि आपल्यानंतर आवाज कुणाचा, हे मास्तरांनी तिच्यावाटे सगळ्या जिल्ह्याला सांगितलं होतं. ते नाव त्याचं नव्हतं. एवढीच ती गोष्ट, पण ती त्याला सोसवत नव्हती.

“एक सांगू?” तो खाली बसला. “त्याचा आवाजच येत न्हाई, मास्तर. मी सेट लावून बघितलाय. आठ वाजता त्या जागेवर नुसती खरखर. ज्याचा आवाज गडहिंग्लजला पोचत न्हाई, तो हजेरी काय घेणार?”

“बाकीच्यांना येतो.”

“बाकीचे तुमच्या भिडेनं म्हणत असतील.”

मास्तरांनी सालं फुंकून बाजूला सारली.

“आणि मनाचा तरी मोठा असता तर गोष्ट वेगळी. तीन वर्सं... टॉवर उभा राह्यल्यापासून एका शब्दानं बोलला न्हाई माझ्याशी. चंदगडची यष्टी चुकली की ह्याच हुसेनला मी बुलेटवर घालून घरापर्यंत सोडत होतो. जळतो तो, मास्तर. माझा टॉवर त्याच्या डोळ्यांत सलतो.”

“असं तो म्हणाला?”

“म्हणायला बोलला तर पायजे!”

“तू फोन केलास?”

“मी का करू? त्यानं करावा.”

मास्तरांनी सालं गोळा केली, सुपात टाकली, हात पुसले. भिंतीवरच्या घड्याळात आठाला सात मिनिटं कमी होती.

“चल,” ते म्हणाले. “हजेरी ऐकू.”

आतल्या खोलीत टेबलावर सेट होता. शेजारी पितळी कळीची जागा रिकामी होती. लाकडावर तिच्या तळाचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. सयाजीने तिकडे बघितलं आणि नजर वळवली.

सेटच्या बाजूला भिंतीवर एक खटका होता. वर केला की सेटला सिल्व्हर ओकवरची उंच तार लागायची, खाली केला की अंगणातली बुटकी.

“तूच लाव,” मास्तर म्हणाले आणि डावा कान सेटकडे करून बसले.

सयाजीने खटका वर केला. विचार करण्यासारखं त्यात काय होतं? साठ फुटांवरची तार सोडून पंचा वाळवायच्या तारेवर कोण ऐकेल?

सेट बोलू लागला. इटलीतला कुणी एकजण दुसऱ्याला आपलं हवामान सांगत होता, अगदी ओसरीवर बसून बोलावं तसा स्वच्छ. सयाजीची छाती फुगली. त्याने हलकेच चाक फिरवून सेट हजेरीच्या जागेवर आणला.

खरखर.

आठ वाजले. घड्याळाचे ठोके पडून गेले.

खरखर... पलीकडे कुठेतरी दूरची एक बारीक शिट्टी. परत खरखर.

सयाजी हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला मनापासून हसू आलं.

“बघा! काय म्हणालो मी? इटली ऐकू येतीय, चंदगड न्हाई! कुठाय तुमचा हजेरी घेणारा?”

मास्तर उठले. काही न बोलता अंगणात गेले. बुटक्या तारेवरचा पंचा त्यांनी काढला, नीट घडी केली, खांद्यावर टाकला. आत आले.

आणि खटका खाली केला.

“...बरं, आंबोली झाली. सावंतांच्या गाईचं कसं आहे ते उद्या सांगा. औषध पाठवतोय यष्टीनं.”

हुसेन खोलीतच येऊन बसल्यासारखा वाटला. मागे म्हैस हंबरली, तीही ऐकू आली.

सयाजी खटक्याकडे बघत राहिला.

उंच तारेतून निघालेली लहर आडवी, लांब धाव घेते. आभाळाला टेकून ती खाली उतरते ती एकदम परमुलखात. मधली गावं तशीच राहून जातात. सयाजीच्या टॉवरचंही तेच. बुटकी तार लहर सरळ डोक्यावर फेकते आणि ती आसपासच्या चार जिल्ह्यांवर येऊन पडते. आणि तार जशी बोलते तशीच ऐकते. हे मास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. सयाजीने ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. ती वही आता टॉवरच्या सिमेंटच्या पावत्यांखाली कुठेतरी होती.

“पाटगाव?” हुसेन म्हणाला. पाटगावने हजेरी दिली.

“बेळगाव?” बेळगावही होतं.

मग हुसेनने सयाजीच्या परवान्यावरची अक्षरं, म्हणजे त्याचं हवेवरचं नाव, एकेक करून सावकाश उच्चारली. अक्षरांना तो असा जपून हात लावत होता, जसा घड्याळाच्या चाकांना लावायचा.

“गडहिंग्लज... सयाजीराव, हुसेन बोलतोय चंदगडहून. ऐकताय का?”

आणि तो थांबला.

खोलीत कुणी बोललं नाही. सेटवरही कुणी बोललं नाही. कोल्हापूर, आंबोली, पाटगाव, बेळगाव, सगळे गप्प. एरवी मिनिटाची उसंत न देणारी माणसं, पण ती जागा कुणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यासारखी गप्प राहिली.

मास्तरांची नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती.

मायक्रोफोन सयाजीसमोर होता, हातभर अंतरावर. उचलायचा, बटण दाबायचं, आणि म्हणायचं, आहे. दोनशे चौदा देशांत जो हात कधी अडखळला नव्हता तो मांडीवरून उठेना. लाज वाटत होती. त्याहून वाईट म्हणजे, लाजेच्या तळाशी मत्सर अजून जिवंत होता. आतापर्यंत त्याला हुसेनच्या कळीचा हेवा वाटत होता. आता त्याच्या चांगुलपणाचाही वाटू लागला. ह्यातही हा पुढे गेला!

काटा एक फेरा पुरा करून आला.

“बरं,” हुसेन म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. “गडहिंग्लज न्हाई आज. कामात असतील. उद्या परत हाक मारू. दोडामार्ग?”

“आहे, आहे,” दोडामार्ग म्हणालं.

सयाजीने आता कुठे हात पुढे केला. मास्तरांनी तो मनगटाशी धरला.

“दोडामार्गची पाळी आहे.”

हात मागे गेला.

हजेरी पुढे सरकली. कुणाच्या पोराचा निकाल, कुणाला रेडिओसाठी हवा असलेला एक जुना व्हॉल्व्ह, तिलारीच्या बाजूला हत्ती उतरल्याची खबर. हुसेन सगळं ऐकत होता. बोलत फार कमी होता. शेवटी पितळी कळीच्या चार टिचक्या आल्या. मास्तरांची बोटं मांडीवर आपोआप त्याच तालावर हलली. सेट शांत झाला.

“कधीपासून?” सयाजीने विचारलं.

“काय?”

“ही... हाक.”

“तुझा टॉवर उभा राहिला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“पण तेव्हा तर हजेरी तुम्ही घेत होता.”

“गडहिंग्लजची हाक तो मागून घ्यायचा. म्हणायचा, एवढी मला मारू द्या.”

सयाजीने खाली बघितलं. “रोज?”

“ताप होता तेव्हा दोन दिवस मी मारली.”

“तुम्ही मला का सांगितलं न्हाई, मास्तर? एक फोन करायचा. तीन वर्सं...”

मास्तर खुर्चीतून त्याच्याकडे बघत राहिले. नेहमीसारखं डोकं वाकडं करून, चांगला कान पुढे.

“आलास की किती वेळा,” ते म्हणाले. “दर वेळी देशांचा आकडा सांगून गेलास.”

आपण आत्ताही आल्या आल्या आकडा सांगितला, हे सयाजीला आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

बाहेर उन्हं अंगणात उतरली होती. मास्तर उठले, दोन पावलं चालून उंबऱ्याशी थांबले. सयाजी त्यांच्या मागोमाग गेला. सिल्व्हर ओकच्या शेंड्यावरची तार उन्हात चकाकत होती. किती थाटाने चढवली होती ती! त्या दिवशी पेढे वाटले होते. हुसेनला बोलवायचं राहून गेलं होतं... राहून गेलं कसलं, मुद्दामच बोलावलं नव्हतं. तीन वर्षांत हे वाक्य सयाजीने पहिल्यांदाच स्वतःशी नीट म्हटलं.

तो बूट घालायला वाकला. बंद बांधता बांधता थांबला.

“कळीसाठी आलो होतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“अजून पायजे वाटतीया, मास्तर. खोटं कशाला बोलू? ती चौकोनी जागा बघितली की आत जळतंय.”

“जळू दे.”

त्याने बंद ओढून गाठ मारली.

“टॉवर तर पाडवत न्हाई,” शेवटी तो म्हणाला. “पण आजच दुसरी एक तार बांधतो. गच्चीच्या खाली, पेरूच्या झाडाला. उद्या आठाच्या आत.” मग उठला, त्या बुटक्या तारेपाशी गेला. तिची उंची त्याने आपल्या गळ्याशी, मग कपाळाशी हात धरून अजमावली. बोअरवेलवाला माणूस, त्याला माप लागतंच. “किती खाली बांधू, मास्तर? फूट सांगा.”

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि पुन्हा तारेवर पसरला.

“ऐकू येईपर्यंत,” ते म्हणाले.