मागे घेतलेला शोधनिबंध

एकदा एका वयोवृद्ध संशोधकाने स्वतःच्याच कीर्तीविरुद्ध पत्र लिहिले.

डॉ. नागवेकर हे समुद्रजीवांचे अभ्यासक. चाळीस वर्षे ते खाड्यांच्या चिखलात हिंडले होते. तिसऱ्या, म्हणजे किनाऱ्यावरचे लोक आवडीने खातात त्या लहान शिंपल्या, नोव्हेंबर-डिसेंबरात अंडी सोडतात, असा निष्कर्ष त्यांनी एका शोधनिबंधात मांडला होता. देशोदेशींच्या चारशेहून अधिक अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. त्याच निबंधावरून त्यांच्या खाडीत त्या दोन महिन्यांपुरती तिसऱ्या काढायला बंदी झाली.

त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला होता. त्यांची शिष्या डॉ. हेमांगी आता विभागप्रमुख होती. सगळी तयारी तीच पाहत होती. समारंभाला पंधरा दिवस उरले असताना नियतकालिकाच्या संपादकांनी तिला कळवले, की सरांनी तो शोधनिबंध मागे घेण्याची विनंती केली आहे. हेमांगी त्याच दुपारी खाडीकाठच्या त्यांच्या घरी पोहोचली.

"सर, हे काय केलंत?"

"बस आधी," नागवेकर म्हणाले. "गेल्या माघात, इथे खाडीत शिंपल्या काढणाऱ्या शेवंतीबाईने माझ्यासमोर तिसरी फोडली. आत अंडी गच्च भरलेली. तेव्हापासून वर्षभर मी दर महिन्याला तपासतो आहे. अंडी सोडायचे महिने फेब्रुवारी-मार्च आहेत. मी लिहिलं ते चुकलं, एवढं नक्की. कसं चुकलं, ते मात्र काही केल्या सापडत नाही."

"पण आत्ताच कशाला, सर? सत्कार तोंडावर आलाय. चारशे लोकांनी ज्याचा आधार घेतला तो निबंध आपणच खोटा ठरवायचा? त्या जुन्या नमुन्यांच्या बरण्या आता कोण उघडून बघणार आहे?"

नागवेकरांनी हातातला कप खाली ठेवला.

"बरण्या? बरण्यांचं तर मी काहीच बोललो नाही, हेमांगी."

हेमांगीचा चेहरा उतरला. बोलून गेलेले वाक्य आता परत घेता येणार नव्हते. ती खालमानेने म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी विभागाचा नमुन्यांचा संग्रह नव्या इमारतीत हलवताना मी त्या बरण्या उघडल्या होत्या. त्यात दोन जाती आहेत, सर. वरून अगदी सारख्या दिसतात. दुसरी जात नोव्हेंबर-डिसेंबरात अंडी सोडते. आपल्या मोजणीत दोन्ही एकत्र आल्या."

"नऊ वर्षं तुला ठाऊक होतं?"

"माझा प्रबंध त्याच निष्कर्षावर उभा होता. शिवाय, तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

यातले दुसरे कारण सोयीचे होते. बोलताना तिचे तिलाच ते कळले.

नागवेकर रागावले असते तर तिला बरे वाटले असते. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या चुकीची मला लाज वाटते, पण ती न कळत घडली, म्हणून सोसता येईल. दुसरी गोष्ट सोसवत नाही. मी तुला सूक्ष्मदर्शक हाताळायला शिकवलं, पण माझ्यापुढे उभं राहून 'सर, हे चुकलं' म्हणण्याची हिंमत तुला माझ्याकडून मिळाली नाही. किती जणांनी माझं नाव घेतलं, हे मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो. शेवंतीबाईचं नाव त्या यादीत कुठे नाही. आणि संशोधनाचा खरा प्रभाव पडला तो तिच्यावर. नको त्या महिन्यांत आपण तिला घरी बसवलं, आणि शिंपली अंड्यांवर असताना खाडी मोकळी सोडली. आज तिची टोपली भरत नाही."

हेमांगीने त्याच बैठकीत संपादकांना दुसरे पत्र लिहिले. चूक कशी झाली ते त्यात होते, आणि आपल्याला ती नऊ वर्षांपासून ठाऊक होती हेही होते. सत्कार रद्द झाला. विभागात कुजबुज झाली. दोन सहकाऱ्यांनी तिच्याशी बोलणे सोडले. तिने तक्रार केली नाही.

आठवड्याने ती नागवेकरांबरोबर खाडीवर गेली. शिंपल्या काढणाऱ्या सात-आठ बायका काठावर बसल्या होत्या. हेमांगीने काही न वगळता सगळे सांगितले.

"नऊ वर्षं?" शेवंतीबाईने विचारले.

"हो."

"तेव्हा माझी सून माझ्याबरोबर खाडीत उतरायची. मिळेनासं झालं, म्हणून मासळीच्या कारखान्यात लागली, लांब. नातवंडं तिकडेच वाढली." शेवंतीबाईच्या आवाजात राग नव्हता. "आम्ही त्या वेळीपण सांगत होतो, बाई. माघात तिसरीला हात लावू नये म्हणून. कोणी लिहून घेतलं नाही."

'माफ करा' हे शब्द हेमांगीच्या ओठांवर आले होते. ते तिला फार हलके वाटले. तिने वही उघडली. "आता सांगा. मी लिहून घेते."

शेवंतीबाईने तिच्याकडे, मग वहीकडे पाहिले. "हे बसून कळायचं नाही. ओहोटी लागू दे, मग दाखवते."

ओहोटीला अजून तासभर होता. हेमांगीने वही मिटली, चपला काढल्या, आणि बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन ती बसून राहिली.